समुद्रतळावरची नांगरट

मराठीत ‘नांगर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. शेतकऱ्याचा नांगर जमीन उकरतो, तर खलाशाचा नांगर जहाजाला जागच्या जागी धरून ठेवतो. १९८९ साली मात्र पॅसिफिक महासागरात एका जहाजाने समुद्रात जो नांगर सोडला, तो शेतकऱ्याच्या जातीचा होता. ‘झोने’ हे त्या जर्मन संशोधन जहाजाचे नाव. पेरू देशाच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, सुमारे ४,१५० मीटर खोल तळावर, या जहाजाने ८ मीटर रुंदीचा एक लोखंडी नांगर तारदोराला बांधून ओढला. सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या एका वर्तुळाकार क्षेत्रात तो उलटसुलट ७८ वेळा फिरवण्यात आला.

तेथे पेरायचे अर्थातच काही नव्हते. हँबुर्ग विद्यापीठातील ह्यालमार थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच पाहायचे होते. समुद्राचा खोल तळ मुद्दाम विस्कटला तर तेथील जीवसृष्टीचे काय होते, आणि ती पूर्ववत व्हायला किती काळ लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. प्रयोगाला ‘डिस्कॉल’ असे नाव मिळाले. प्रश्न उगाच पडलेला नव्हता. त्या तळावर पसरलेल्या काळ्या गोट्यांवर जगातल्या अनेक देशांचा डोळा होता, आणि त्यात आपला देशही होता.

काळे गोटे

ब्रिटिशांचे ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांची शास्त्रीय पाहणी करत फिरले. १८७३ मध्ये अटलांटिक महासागराचा तळ खरवडत असताना त्याच्या जाळीत काळपट तपकिरी रंगाचे गोटे आले. शेतातून नुकत्याच काढलेल्या, माती लागलेल्या बटाट्यांसारखे ते दिसतात. इंग्रजीत त्यांना नोड्यूल म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकी भाषेत ग्रंथिका. आपण येथे त्यांना सरळ गोटेच म्हणू.

असा गोटा मधोमध कापला तर आत कांद्यासारखे थरावर थर दिसतात. अगदी मध्यभागी एखादा शार्कचा दात, खडकाची कपची किंवा जुन्या गोट्याचा तुकडा असतो. समुद्राच्या पाण्यात आणि तळाच्या गाळातील पाण्यात विरघळलेले मँगनीज व लोह या गाभ्यावर ऑक्साइडच्या रूपाने साचत जाते आणि साचताना इतर धातूंनाही बरोबर घेते. आपल्या देशाने पाहणी केलेल्या मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातील गोट्यांत सुमारे २४ टक्के मँगनीज, प्रत्येकी १ टक्क्याहून किंचित अधिक निकेल व तांबे, आणि ०.१ टक्क्याच्या आसपास कोबाल्ट असते.

आता या गोट्यांची वाढ पाहा. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, हा त्यांचा वेग. हिशेबासाठी दहा लाख वर्षांत अडीच मिलिमीटर जाडीचा थर बसतो असे धरू. मग ५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे २५ मिलिमीटर त्रिज्येचा गोटा तयार व्हायला एक कोटी वर्षे लागली. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची मानली जाते. माणूस पृथ्वीवर आल्यापासून आजपर्यंत हा गोटा पाऊण मिलिमीटरने वाढला आहे. लिहिणे, शेती, राज्ये, आगगाडी, वीज हे सगळे त्या थराच्या अगदी बाहेरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यात मावते.

यात एक कोडेही आहे. खोल समुद्रात वरून सूक्ष्म गाळ सतत पडत असतो. त्याचा वेग हजार वर्षांत काही मिलिमीटर, म्हणजे गोट्याच्या वाढीच्या सुमारे हजारपट. एक कोटी वर्षांत वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त गाळ साचायला हवा. मग हे गोटे कधीच गाडले कसे गेले नाहीत? ते तर गाळाच्या पृष्ठभागावर अर्धे उघडे पडलेले असतात. तळावरचे प्राणी खाली खोदताना, गाळ खाताना गोट्यांना हळूहळू ढकलत, उचलत असावेत, आणि तळाचे प्रवाह त्यांच्यावरचा गाळ झाडत असावेत, अशी स्पष्टीकरणे दिली जातात. सर्वांना पटलेले असे उत्तर अजून नाही. पण पहिले स्पष्टीकरण खरे असेल तर हे धातूंचे भांडार तेथील क्षुद्र वाटणाऱ्या किड्यांनीच उघडे राखले आहे, असे म्हणावे लागेल.

कोणाला हवेत हे गोटे?

१९६५ साली जॉन मेरो या अमेरिकी अभियंत्याने समुद्रातील खनिज संपत्तीवर एक पुस्तक लिहिले आणि गोट्यांकडे उद्योगांचे लक्ष वेधले. सत्तरच्या दशकात अमेरिका, युरोप व जपानमधील कंपन्यांचे गट पॅसिफिकमध्ये उतरले. १९७८ मध्ये त्यांपैकी एकाने सुमारे ८०० टन गोटे प्रत्यक्ष वर आणून दाखवले. या चढाओढीचा गवगवा एवढा होता की १९७४ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने बुडालेली एक रशियन पाणबुडी वर काढण्यासाठी ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ हे जहाज पाठवले, तेव्हा ते समुद्रातील मँगनीज काढायला चालले आहे असेच जगाला सांगण्यात आले, आणि जगाने ते मानलेही. पुढे धातूंचे भाव उतरले आणि उत्साह ओसरला.

भारताचा या गोष्टीत प्रवेश झाला तो गोव्यातून. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून पहिला गोटा वर काढला. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली भारताला पाहणीसाठी मिळाले. असा दर्जा मिळवणारा भारत हा पहिला देश. पाहणीनंतर कमी संपन्न भाग परत करून भारताने ७५,००० चौरस किलोमीटर स्वतःकडे राखले. तेथे सुमारे ३८ कोटी टन गोटे असावेत असा अंदाज आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने ‘वराह’ नावाचे यंत्र तयार केले. ते २०२१ साली ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहण्यात आले. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्यांचे टोक तेथून पाण्याबाहेर येणार नाही, एवढी ही खोली.

आता पुन्हा गोट्यांची चर्चा सुरू झाली आहे ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे. त्यांच्या अनेक बॅटऱ्यांत निकेल आणि कोबाल्ट लागते. हे धातू भारताला मुख्यतः आयात करावे लागतात. जमिनीवरच्या खाणींचे चित्रही चांगले नाही. इंडोनेशियात निकेलसाठी वर्षावने तोडली जातात, काँगोतील कोबाल्टच्या खाणींत मुलेही राबतात. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींतून पावसाळ्यात लाल गाळ भातशेतीत आणि नद्यांत कसा उतरत असे, हे आपल्या भागातील शिक्षकांना सांगायला नको. तेव्हा जिथे माणसे राहत नाहीत अशा खोल समुद्रातून धातू काढले तर काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वेडगळ नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी तेथे कोण राहते ते पाहू.

अंधारातील वस्ती

पाच हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश अजिबात पोचत नाही. तापमान एक-दोन अंश सेल्सिअस. दाब सुमारे ५०० वातावरणांचा, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ अर्धा टन. वनस्पती नाहीत. वरच्या प्रकाशित पाण्यात जे अन्न तयार होते त्यातला शंभरातला एखादा भाग मृत प्लवक, विष्ठा, कातीचे तुकडे अशा रूपात झिरपत तळापर्यंत येतो. इतक्या तुटपुंज्या शिध्यावर मोठी वस्ती पोसली जाणार नाही, असे कोणालाही वाटेल. एकेका जातीचे प्राणी तेथे खरोखरच विरळ आहेत. परंतु जातींची विविधता मात्र थक्क करणारी आहे.

हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात जगातील सर्वांत मोठा गोट्यांचा साठा आहे. २०२३ साली या पट्ट्यातील प्राण्यांच्या नोंदी एकत्र करण्यात आल्या, तेव्हा ५,५७८ जातींचा अंदाज निघाला. त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश जातींना अजून शास्त्रीय नावच मिळालेले नाही. त्यांत गाळातील सूत्रकृमी आणि इतर किडे आहेत, समुद्रकाकड्या आहेत, तारामाशाच्या भाऊबंदांपैकी ब्रिटल स्टार आहेत.

या वस्तीत गोट्यांना वेगळेच महत्त्व आहे. मऊ चिखलाच्या अफाट मैदानात घट्ट पकडायला एवढीच काय ती कठीण जागा. देठाचे स्पंज, प्रवाळ आणि समुद्रफुले यांना मुळासारखा आधार लागतो, तो गोटे देतात. या पट्ट्याच्या एका भागात केलेल्या पाहणीत मोठ्या आकाराच्या प्राण्यांच्या सुमारे निम्म्या जाती फक्त गोट्यांवरच आढळल्या. एकावर दुसरा कसा अवलंबून असतो याचे एक उदाहरण २०१६ साली प्रसिद्ध झाले. चार हजार मीटरपेक्षा खोल पाण्यात राहणारी ऑक्टोपसची मादी मेलेल्या स्पंजाच्या देठाभोवती अंडी घालते आणि त्यांना कवटाळून बसते. स्पंजाचा देठ उभा असतो गोट्यावर. गोटा नाही तर स्पंज नाही, आणि स्पंज नाही तर अंडी घालायला जागा नाही.

ती किती काळ बसते हे पाहायला तेथे कोणी थांबलेले नाही. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे १,४०० मीटर खोलीवर दुसऱ्या एका जातीची मादी २००७ ते २०११ या काळात पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्यात आली. ती अंड्यांवर ५३ महिने, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षे बसून होती. थंड पाण्यात, कमी अन्नावर जगणारे जीव सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात आणि थोडी पिल्ले देतात. खोल समुद्राचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा फार हळू चालते. पुढचे सारे समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

खाणीचे यंत्र काय करील?

नियोजित पद्धत साधारण अशी आहे. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे यंत्र तळावर फिरेल. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी किंवा दात्यांनी ते गोटे सुटे करून आत ओढून घेईल. गोट्यांबरोबर वरचा काही सेंटिमीटर जाडीचा गाळही येईल. त्यातला बराचसा गाळ यंत्र आपल्या मागे सोडून देईल. गोटे आणि पाणी यांचे मिश्रण चार-पाच किलोमीटर लांबीच्या नळातून जहाजावर जाईल. तेथे गोटे वेगळे काढून, बारीक चुरा मिसळलेले उरलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाईल.

यातून चार प्रकारचे आघात संभवतात. पहिला, गोटे आणि त्यांवरची वस्ती नाहीशी होणे. दुसरा, वरचा गाळ खरवडला जाणे. वरून येणारे अन्न याच वरच्या काही सेंटिमीटरमध्ये असते आणि बहुतेक प्राणीही तेथेच राहतात. तिसरा, उडालेला गाळ आजूबाजूच्या, यंत्र न फिरलेल्या तळावर जाऊन बसणे. चौथा, वरून सोडलेल्या गढूळ पाण्याचा मधल्या थरांतील प्राण्यांना होणारा त्रास. तेथील प्लवक पाण्यातले अन्नकण गाळून खातात. त्यांच्या तोंडी अन्नाऐवजी निःसत्त्व खनिजकण आले तर त्याचा परिणाम त्यांना खाणाऱ्या माशांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय यंत्रांचा आवाज आहेच.

नांगरलेल्या शेतात परत

आता सुरुवातीच्या प्रयोगाकडे वळू. शास्त्रज्ञ डिस्कॉलच्या जागी लगेच त्याच वर्षी, नंतर १९९२ व १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये गेले. शेवटच्या खेपेचे जहाज नवे होते, पण नाव तेच, ‘झोने’. सव्वीस वर्षांनंतर कॅमेरे तळावर सोडले तेव्हा नांगराच्या तासा स्पष्ट दिसत होत्या. आपल्याकडचे नांगरलेले रान पहिल्या चार पावसांत सपाट होते. तेथे पाऊस नाही, वारा नाही, आणि गाळ पडतो तो हजार वर्षांत काही मिलिमीटर. रेघ पुसायला तेथे काहीच नाही.

प्राण्यांचे काय? हिंडून गाळ खाणारे काही प्राणी बऱ्याच प्रमाणात परतले होते. पण एका जागी बसून पाण्यातील अन्नकण गाळणारे प्राणी नांगरलेल्या भागात अजूनही फारच कमी होते. नांगराने गोटे उलटवून गाळात पुरले होते. बसायला जागाच उरली नव्हती. जीवाणूंची तपासणी अधिक बोलकी ठरली. विस्कटलेल्या जागी त्यांचे कार्य चारपटीपर्यंत मंदावलेले आढळले. सव्वीस वर्षांत सूक्ष्मजीवसुद्धा पूर्ववत होत नाहीत, हे फारसे कोणाच्या अपेक्षेत नव्हते.

दुसरा पुरावा क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातला. तेथे १९७९ साली एका कंपनी-गटाने खाणयंत्राची छोटी चाचणी घेतली होती. ४४ वर्षांनंतर ती जागा पुन्हा पाहण्यात आली आणि २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राचा माग तसाच होता. तरीही काही जीवांनी त्यात पुन्हा वस्ती केली होती. ज्या भागावर केवळ उडालेला गाळ बसला होता तेथे कायमचे मोठे नुकसान दिसले नाही. मोठे, स्थिर बसणारे प्राणी मात्र मागावर विरळच होते.

तिसरा पुरावा अगदी अलीकडचा. २०२२ साली त्याच पट्ट्यात आधुनिक खाणयंत्राने तीन हजार टनांहून अधिक गोटे वर काढले. चाचणीनंतर दोन महिन्यांनी घेतलेल्या नमुन्यांत, यंत्राच्या मार्गावरील गाळातल्या लहान प्राण्यांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जातींची विविधता ३२ टक्क्यांनी घटलेली आढळली. जेथे फक्त गाळ बसला तेथे एकूण संख्या घटली नाही, पण कोणत्या जातींचे वर्चस्व आहे हे बदलले.

चौथा प्रयोग आपल्या शास्त्रज्ञांचा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ साली मध्य हिंदी महासागरात ३ किलोमीटर लांब व २०० मीटर रुंद अशा पट्ट्यात गाळ उपसून तळापासून पाच मीटर उंचीवर सोडणारे यंत्र २६ वेळा ओढले. सुमारे ६,००० घनमीटर गाळ त्याने ढवळला. तळातील प्राण्यांची संख्या लगेच घटली. पुढील काही वर्षांच्या पाहण्यांत ती अंशतः भरून येताना दिसली. खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिचे परिणाम मोजायला निघणे ही दूरदृष्टी होती, आणि तिचे श्रेय या शास्त्रज्ञांना द्यायला हवे.

गढूळ लोट किती दूर जाईल?

हा प्रश्न नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राने समजू शकतो. पाण्यात पडणाऱ्या सूक्ष्म गोल कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण निम्मा झाला की वेग पाव होतो. चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला तर थंड पाण्यात तो दिवसाला सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर खाली येतो. तळापासून पाच मीटर वर उडालेला असा कण खाली बसायला २५ दिवस लागतील. तळाच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर धरला, तर एका दिवसात पाणी ४.३ किलोमीटर सरकते. २५ दिवसांत शंभर किलोमीटरहून जास्त!

परंतु निसर्गात कण एकेकटे राहत नाहीत. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते कितीतरी वेगाने खाली येतात. शिवाय गाळाने जड झालेले पाणी उताराच्या दिशेने तळालगत वाहते. २०२१ साली पॅसिफिकमध्ये एका खाणयंत्राच्या मागे उपकरणे लावून मोजणी केली, तेव्हा ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून दोन मीटरच्या आतच राहिला असे दिसले. म्हणजे नुसत्या सूत्राने निघणारे भयानक चित्र खरे नाही. पण उरलेले २ ते ८ टक्के वर राहतात, दूर जातात. जेथे हजार वर्षांत काही मिलिमीटर गाळ पडतो, तेथे एका दिवसात एक मिलिमीटर पडणे ही गाळून खाणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

प्रयोग आणि खाण यांतले अंतर

या साऱ्या पुराव्यांचा अर्थ लावताना एक साधा हिशेब करून पाहावा. भारताच्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात ३८ कोटी टन गोटे आहेत, म्हणजे सरासरी दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो. समजा वर्षाला १५ लाख टन गोटे काढायचे ठरले. एकही गोटा मागे राहिला नाही असे धरले तरी त्यासाठी दरवर्षी ३०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ६०३ चौरस किलोमीटर भरतात. त्यांच्या निम्मे क्षेत्र, दरवर्षी. वरचा पाच सेंटिमीटर गाळ ढवळला गेला तर तो होईल दीड कोटी घनमीटर, म्हणजे १९९७ च्या प्रयोगाच्या अडीच हजार पट.

फरक केवळ आकड्यांचा नाही. प्रयोगातील पट्टा अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना अस्पर्श तळ होता. तेथून प्राणी आणि त्यांच्या अळ्या परत येऊ शकत होत्या. जंगलातील एखादी पायवाट बुजते तसेच हे आहे. सारे जंगल तोडल्यावर ते कोठून परत येणार, हे पायवाटेकडे पाहून सांगता येत नाही. शिवाय १९८९ आणि १९९७ च्या प्रयोगांत गोटे समुद्रातच राहिले होते. खाणीत ते कायमचे जातील. प्रवाळ, स्पंज आणि त्यांवर विसंबलेला ऑक्टोपस यांच्यासाठी ‘पूर्ववत होणे’ याचा अर्थ नवे गोटे तयार होणे असा असेल, तर तो काळ लाखो वर्षांचा आहे. जमिनीवरच्या खाणीत आपण निदान झाडे लावू शकतो. पाच किलोमीटर खोलीवर काय लावणार?

आपल्या अज्ञानाचे प्रमाणही ध्यानात घ्यावे. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी हे गोटे अंधारात ऑक्सिजन निर्माण करत असावेत असा दावा केला. इतरांनी मोजमापातील चुकांकडे बोट दाखवून तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हा वाद मिटलेला नाही. दावा टिकेल किंवा पडेल, पण दीडशे वर्षांपूर्वी सापडलेल्या वस्तूविषयी असा मूलभूत वाद आजही होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

निर्णय कोणाचा?

१९६७ साली माल्टा देशाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत खोल समुद्राचा तळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा अशी मागणी केली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व आले आणि १९९४ मध्ये करार अमलात आला. जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण स्थापन झाले. भारताने याच प्राधिकरणाशी २००२ साली पाहणीचा करार केला. प्राधिकरणाने पॅसिफिकच्या पट्ट्यात २०१२ साली नऊ आणि २०२१ साली आणखी चार मोठी क्षेत्रे खाणकामापासून राखून ठेवली आहेत. पण प्रत्यक्ष खाणकामाचे नियम २०२५ अखेरपर्यंत पुरे झाले नव्हते, आणि तोवर कोठेही व्यापारी प्रमाणावर गोटे काढणे सुरू झाले नव्हते. सुमारे चाळीस देशांनी पुरेशी माहिती हाती येईपर्यंत थांबावे अशी भूमिका घेतली आहे. उलट, या कराराबाहेर असलेल्या अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःच्या कायद्याखाली परवाने देण्याचा मार्ग धरला.

धातूंची गरज खरी आहे. पण ती बदलतेही. निकेल व कोबाल्ट न लागणाऱ्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्या आज लाखो गाड्यांत आहेत, आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवता येतात. बाजाराचे घड्याळ दहा-वीस वर्षांचे, संशोधनाच्या अनुदानाचे तीन-पाच वर्षांचे, आणि सागरतळाचे लाखो वर्षांचे. आपल्या हाती असलेला सर्वांत जुना पुरावा अर्धशतकाचाही नाही, आणि तो सांगतो की रेघ अजून पुसलेली नाही. एवढ्या पुराव्यावर थांबणे आणि पुढे जाणे या दोहोंची जोखीम सारखी नाही. थांबलो आणि भीती खोटी ठरली, तर गोटे तेथेच असतील, वाढतही असतील. पुढे गेलो आणि भीती खरी ठरली, तर दुरुस्तीचा उपाय आज कोणालाही माहीत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. दोन सारख्या उंच, पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत सारखेच पाणी भरून एकेक चमचा कुंभाराची बारीक माती ढवळा. एका बाटलीत दोन चमचे मीठ घाला. पुन्हा हलवून दोन्ही बाटल्या दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा आणि दर तासाला निवळलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून आलेख काढा. खाऱ्या पाण्यातील माती लवकर बसेल. विहिरीच्या जड पाण्यात हा फरक कमी दिसतो, म्हणून पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

२. गोटा दहा लाख वर्षांत ५ मिलिमीटर जाडीने वाढतो असे धरून ८ सेंटिमीटर व्यासाच्या गोट्याचे वय काढा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, तो किती वाढला असेल?

३. वर्गाचे चार गट करा: बॅटरी बनवणारा कारखाना, समुद्रातील जीवशास्त्रज्ञ, जमिनीवरील खाणीशेजारचे गावकरी आणि खाणीत रस नसलेले एखादे बेटावरचे राष्ट्र. प्रत्येक गटाने प्राधिकरणापुढे पाच मिनिटांत आपली बाजू मांडावी. प्रत्येक विधानानंतर ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असा एकच प्रश्न शिक्षकांनी विचारावा, आणि फळ्यावर दोन रकाने करून मोजलेल्या गोष्टी एकीकडे व अंदाज दुसरीकडे लिहावेत.